पडद्यावर तुमचे बंधू ठणठणीत

ती. वन्सं यांस,

धाकट्या भावजयीचा नमस्कार. खरं तर वाकून करायला हवा, पण सध्या आमच्या घरात मी एकदा वाकले की कुणाला तरी उचलूनच वर येते, म्हणून उभ्यानंच घ्या. तुमची तब्येत कशी आहे हे आधी विचारायची रीत आहे म्हणून विचारते. उत्तर मात्र कळवू नका, ते परवाच्या रविवारी फोनवर चाळीस मिनिटं ऐकलंय, पित्तापासून टाचेच्या भेगांपर्यंत. तुमच्या यजमानांचा खोकला गेला असेल. नसेल गेला तर जाईल. आमच्याकडे जे आलंय ते जाणारं नाही, तेव्हा खोकल्याचं कौतुक मला सांगू नका.

तुम्ही म्हणाल, घरात फोन असताना ही चौथी पास बाई पत्र कशाला लिहीत बसली. तर फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते. आणि चुकून मी बोलायला लागले तर हे खुर्चीत कान देऊन बसलेले असतात. यांचं बाकी सगळं मंद झालंय, कान तेवढे होते तसेच आहेत. कागदाचं बरं असतं, तो मध्ये बोलत नाही. कागदही यांचाच आहे, दुकानातल्या मापाच्या जुन्या वहीतला. मागच्या बाजूला गिऱ्हाइकांच्या कंबरा आणि छात्या दिसतील, तिकडे लक्ष देऊ नका. त्यातली निम्मी माणसं आता त्या मापात बसत नाहीत आणि काही तर कुठल्याच मापात बसत नाहीत, गेली.

मुद्द्यावर येते. (मुद्दा अजून लांब आहे, पण वाट सांगितल्याशिवाय तो तुम्हाला कळायचा नाही.) रविवारी तुम्ही भावाला फोनच्या पडद्यावर पाहिलंत आणि मग मला म्हणालात, "बाळ किती छान डोलत होता गं, खुशीत होता अगदी. तूच त्याला आजारी करून ठेवलंयस." वन्सं, तुमचा बाळ एकसष्ट वर्षांचा आहे आणि तो खुशीत डोलत नव्हता. तुमचा फोन यायच्या आधी त्यानं, म्हणजे यांनी, एक गोळी जास्तीची घेतली होती. या कंपवाताचं असं आहे की गोळी कमी पडली की माणूस लाकूड होतो आणि जास्त झाली की अंग आपोआप वळवळतं, मान एकीकडे, खांदा दुसरीकडे. त्याला तुम्ही खुशी म्हणालात. फोन ठेवल्यावर ती खुशी आणखी तासभर चालली, यांनी खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले होते. मग गोळी उतरली, तेव्हा संध्याकाळचा चहा मी चमच्यानं पाजला. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ती जास्तीची गोळी. मला वाईट वाटू नये म्हणून अजून कुठली गोळी निघालेली नाही.

तर डॉक्टर. पूर्वी आम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे स्वतः जात होतो. दोन बस बदलायच्या, मग चढ, मग तीन तास बाकावर, आणि आत गेल्यावर दहा मिनिटं. गेल्या वर्षी बसच्या पायरीवर यांचे पाय चिकटले. उजवा वर, डावा खाली, आणि मध्ये तुमचे बंधू. मागे अकरा माणसं खोळंबलेली (मला दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून मी मोजली). ड्रायव्हर म्हणाला, "काका, चढताय की उतरताय ते एकदा ठरवा." हे म्हणाले, "ठरवलंय हो, पायाला कळवतोय." सगळी माणसं हसली. हेही हसले असते, पण या आजारात तोंडाला हसू येत नाही, आतल्या आत येतं म्हणे. शेवटी दोघा अनोळखी माणसांनी यांना बगलेत धरून शिलाई मशीन चढवावं तसं वर चढवलं. त्या दिवसानंतर हे बसमध्ये पाय ठेवायला तयार नाहीत. दवाखान्यातली नर्स म्हणाली, काळजी करू नका, आता डॉक्टर फोनवर बघतील, पडद्यावर. मी मनात म्हटलं, उंटावरून शेळ्या हाकणार. पण बस नको एवढं ऐकूनच हे कबूल झाले, आणि मलाही तो पायरीवरचा प्रकार परत नको होता. तेव्हा फोन तुम्ही दिलेलाच वापरला. त्याबद्दल उपकार मानायचे राहिले होते, ते इथे मानते.

पहिल्या वेळी मी फोन साखरेच्या डब्याला टेकवला. डॉक्टर म्हणाले, चालून दाखवा. हे चालायला लागले आणि फोन घसरून पाठीवर पडला. पुढची चार मिनिटं डॉक्टरांनी आमचा पंखा पाहिला. भला माणूस आहे, बोलला नाही, त्याला वाटलं आम्ही येऊ. मग मी फोन हातात धरला. आता माझा हात म्हणजे तुम्हाला माहीत आहे, सकाळी सहा ते दोन मी धुलाईच्या कारखान्यात चादरी इस्त्रीच्या तापलेल्या रुळात घालते, ओल्या चादरी, एकेक मणाची. घरी आल्यावर माझ्या हातात पेला ठरत नाही. डॉक्टर पडद्याकडे डोळे बारीक करून म्हणाले, "कंप बराच वाढलेला दिसतोय." मी म्हटलं, तो माझा. त्यांनी लिहिलेलं खोडलं. (मला कुणी गोळी लिहून दिली नाही.) त्याच भेटीत त्यांनी एक गोष्ट मात्र दोनदा सांगितली. म्हणाले, हे पडायला लागले तर मला लगेच कळवायचं. मग गोळ्या बदलाव्या लागतील, आणि तेव्हापासून यांना घरात एकटं ठेवायचं नाही. या वयात खुबा मोडला तर माणूस पुन्हा उभा राहत नाही. हे सगळं यांनी ऐकलं. मीही ऐकलं.

दुसऱ्या वेळी तर कहर झाला. हे पडद्यासमोर बसले, दाढी करून, केस चापून. डॉक्टर आले, बघत राहिले, आणि म्हणाले, "तुमचं चित्र अडकलंय, मी पुन्हा लावतो." पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावल्यावर हे म्हणाले, "डॉक्टर, चित्र चालू आहे, चेहरा अडकलाय." बिचाऱ्या डॉक्टरांचा चेहरा तेव्हा जेवढा हलला तेवढा आमच्याकडे वर्षभरात हलला नसेल. शरमले, माफी मागितली, इकडची तिकडची चौकशी केली. आणि मग दहा मिनिटांनी आमची लाईन खरंच अडकली. हे फोनसमोरून उठून पाणी प्यायला गेलेसुद्धा, आणि तिकडे डॉक्टर यांच्या थांबलेल्या चित्राकडे बघत वाट पाहत बसले, मघाची चूक पुन्हा नको म्हणून. नंतर नर्सनं सांगितलं, त्यांनी कागदावर लिहिलं होतं, उत्तर द्यायला वेळ लागतो. वन्सं, मी हसले. यांना ऐकू जाऊ नये म्हणून न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून हसले. मग कधी रडायला लागले ते नळालाच माहीत.

या दोन भेटींनंतर तुमच्या बंधूंना युक्ती सापडली. त्यांच्या ध्यानात आलं की डॉक्टरांना आपण दाखवू तेवढंच दिसतं. दवाखान्यात बाकावरून उठताना, दारातून आत येताना, चप्पल घालताना डॉक्टर माणसाला चोरून बघतात. इथे चोरून बघायची सोयच नाही. तीस वर्षं गिऱ्हाइकाचं पोट झाकणारे कोट शिवलेला माणूस, त्याला आणखी काय हवं. कुठे अस्तर द्यायचं आणि कुठे शिवण आत दडपायची हे त्याला शिकवायला नको.

तिसऱ्या भेटीची तयारी सकाळी सातला सुरू झाली (मी रजा टाकली होती, मुकादमीण म्हणाली, नवरा तुझा आजारी, रजा तू कशी घेतेस?). भेट सव्वाअकराला. गोळीचा जोर घेतल्यापासून पाऊण तासानं चढतो, म्हणून गोळी साडेदहाला, घड्याळ समोर ठेवून. मग शर्ट. शर्टाचं तुम्हाला सांगायलाच हवं. यांना बटणं लावायला अर्धा तास लागायला लागला, म्हणून मी मशीनवर बसून काजं बुजवली, बटणं वरून नुसती शोभेला टाकली आणि आतून वेल्क्रोची पट्टी लावली. शिवलं मी, पण शेजारी खुर्चीत बसून बोलत होते हे. टाका मोठा आहे, पट्टी सरळ लाव, शिंप्याची बायको आहेस की सुताराची. तर डॉक्टर म्हणाले, शर्टाची बटणं काढून पुन्हा लावून दाखवा. यांनी छातीवरून हात फिरवला, चर्र, आणि पुन्हा हात फिरवला, पाच बटणं बंद, चार सेकंदांत. डॉक्टर थक्क. म्हणाले, "वा, हे तर मलाही जमणार नाही. मध्ये जरा खरखर ऐकू आली, लाईन खराब आहे का?" हे म्हणाले, "हो, आमच्याकडे लाईन खराबच असते."

मग चालणं. दरवाज्यात यांचे पाय चिकटतात, म्हणून नर्सनं सांगितलं होतं की जमिनीवर आडव्या रेघा ओढा, रेघ ओलांडायची म्हटलं की पाय उचलतो. खरंच उचलतो, कसं ते देव जाणे. आमच्या घरात आता खुर्चीपासून न्हाणीघरापर्यंत कापडावर मारायच्या खडूच्या रेघा आहेत, सव्वीस, एकेक वीतभर अंतरावर, आणि रोज पुसतात म्हणून रोज मी ओढते आणि हे वरून सांगतात कुठली वाकडी आहे. पण डॉक्टरांना त्या दिसायला नकोत. मला दटावून ठेवलं होतं, फोन कमरेच्या वर धर. तेव्हा डॉक्टरांनी एक धड पाहिलं, झोकात येताना आणि झोकात जाताना. पाय त्यांनी वर्षभरात पाहिलेले नाहीत. लोक म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात पण एक आणता येत नाही. मला वाटायचं, ते एक म्हणजे उभं राहायचं सोंग. तुमच्या बंधूंनी तेही आणून दाखवलं.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, मधल्या काळात पडलात का? हे म्हणाले, "छे, छे. शिंप्याचा तोल जाऊन चालत नाही, हातात कात्री असते." डॉक्टर हसले. मग त्यांनी फोन माझ्याकडे फिरवायला सांगितला आणि मलाही तेच विचारलं. तोवर वेळ संपत आला होता. म्हणाले, उत्तम चाललंय, गोळ्या त्याच ठेवू, आता तीन नको, एकदम सहा महिन्यांनी भेटू. फोन बंद झाला. हे दोन पावलं मागे आले, खुर्चीत बसले, आणि गोळी उतरायला लागली. दोन वाजेपर्यंत बोटसुद्धा हललं नाही. त्या शर्टाची ती पट्टी मी उघडली.

आता खरं ऐका. त्या तीन महिन्यांत हे चारदा पडले होते, आणि त्यानंतर आजपर्यंत आणखी दोनदा. पहिले तीन प्रकार सोडून देते, दोन न्हाणीघराच्या दारात आणि एक नुसता, काहीच कारण नसताना, भिंतीवरचं कॅलेंडर पडावं तसा. चौथा सांगते. मी दोन वाजून वीस मिनिटांनी कामावरून आले. मशीन आणि भिंतीच्या मध्ये जी हातभर जागा आहे तिथे हे आडवे होते. अंगावर टेबलावरचं कापड ओढून घेतलेलं, गारठा लागत होता म्हणून. मी ओरडले, काय झालं? हे म्हणाले, "काही नाही, टाचणी पडली होती, शोधतोय." केव्हापासून शोधताय, म्हटलं. तर म्हणाले, "रेडिओवर बातम्या लागल्या होत्या." वन्सं, बातम्या आठला लागतात. सहा तास वीस मिनिटं हा माणूस टाचणी शोधत होता. मी उचलायला वाकले. धोतरजोडीसारखे हलके वाटतात बघायला, पण लाकूड झालेलं माणूस किती जड असतं ते उचलणाऱ्यालाच माहीत. पाऊण तास लागला. वर आल्यावर म्हणाले, टाचणी राहू दे, उद्या बघू. विजार ओली झाली होती. बदलली, धुतली, वाळत टाकली. कपडे धुण्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

हे खोटं का बोलतात ते मला कळत नाही असं समजू नका. त्यांना वाटतं, पडतो म्हटलं की आपल्याला तिकडे नेऊन ठेवतील, जिथे दहा खाटांची ओळ असते आणि सगळ्यांचे शर्ट एकसारखे असतात, कुणाच्याही मापाचे नसलेले. आमच्या कारखान्यात तिथल्याच चादरी येतात धुवायला. एकदा चुकून मी घरी बोलून गेले की त्यांवर नावं नसतात, आकडे असतात. तेव्हापासून हे पडायचे थांबले. म्हणजे सांगायचे थांबले.

तर असं आहे. तुमच्या बंधूंचा हा ठणठणीतपणा आठवड्याला एक रविवार आणि तीन महिन्यांतून पंधरा मिनिटं असतो, बाकीचा वेळ माझ्याकडे असतो. एवढंच कळवायचं होतं, म्हणजे पुढच्या रविवारी मला बोल लावायच्या आधी तुमची जीभ जरा अडखळेल. घरातल्या थोरांना नमस्कार सांगा, लहानांना माझी आठवण करून द्या, त्यांना नसेलच.

तुमची,
(तुमच्या मते भावाला आजारी करून ठेवणारी)
भावजय

ता. क. तुम्ही पाठवलेलं मालिशचं तेल पोचलं. दाराच्या बिजागरीला लावलं. बिजागरी पुष्कळ सुधारली.

ता. क. दुसरा. वर मी लिहिलंय की डॉक्टरांनी मलाही विचारलं आणि वेळ संपत आला होता. वेळ होता. दोन मिनिटं होती. डॉक्टर म्हणाले, "ताई, तुम्ही सांगा, पडले का?" मी म्हटलं, नाही. हे डावीकडे उभे राहून माझ्याकडे बघत होते, त्यांच्या त्या न हलणाऱ्या चेहऱ्यानं, आणि मी म्हटलं, नाही हो, एकदाही नाही. एवढं सगळं पानभर त्यांच्या नावानं खडे फोडले आणि खोटं मीच पक्कं केलं. आपलेच दात, आपलेच ओठ. पण त्यांच्यासाठी नाही बोलले, तेही सांगून टाकते, तुम्ही उगाच मला चांगली समजाल. हो म्हटलं असतं तर डॉक्टरांचा पुढचा प्रश्न होता, दिवसा घरी कोण असतं? कुणी नसतं. मग मी काम सोडायचं. काम सोडलं तर खायचं काय हा प्रश्न आहेच, पण तो नंतरचा. आधीचा हा की सहा ते दोन त्या रुळापाशी मला कुणी हाक मारत नाही. चादर आत जाते, बाहेर येते, कडक, सरळ. घसरत नाही, ओली होत नाही, टाचणी शोधत नाही. माझी विश्रांती म्हणजे ते आठ तास, वन्सं, आणि ते टिकावेत म्हणून मी नवऱ्याला जमिनीवर पडू दिलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. वाचून झालं की हे पान फाडा, कंबरांसकट.

ता. क. तिसरा, आणि हा कामाचा. मी कारखान्याच्या फोनवरून नर्सला गाठलं आणि गोळ्या सांडल्या असं सांगून लवकरची वेळ मागून घेतली. येत्या एकोणीस तारखेला, सव्वाअकरा. यांना सांगितलेलं नाही. त्या दिवशी डॉक्टर पुन्हा विचारतील आणि आम्ही दोघं पुन्हा खोटं बोलू, मी माझं तोंड ओळखते. तुम्ही समोर उभ्या असलात की मात्र हे खोटं बोलू शकत नाहीत, लहानपणी तुम्ही कान पिरगाळायचात म्हणे, त्याची धास्ती अजून आहे. तेव्हा तुम्ही या. पडद्यावर नको, अंगानं या. एक दिवस आधी, अठराला, सकाळी दहाच्या सुमारास या, मी कामावर असताना. न कळवता या, नाहीतर जास्तीची गोळी घेतील. आणि राहायच्या तयारीनं या, महिनाभर तरी. सकाळच्या वेळेत तुम्ही घरात असलात की डॉक्टरांना खरं सांगता येईल, आणि मलाही. तोवर दुसरी काही सोय लागेल. तुम्ही टोमणे मारा, स्वयंपाकाला नावं ठेवा, मी एक अक्षर बोलणार नाही (पहिला आठवडा तरी).

आलात की बेल एकदाच वाजवा. दुसऱ्यांदा वाजवू नका, घाई करतील आणि पडतील. आतून आवाज आला नाही तरी हाक मारू नका. बाहेर उभ्या राहा आणि घड्याळात बघा. खुर्चीपासून दारापर्यंत बारा पावलं आहेत. दार उघडायला त्यांना किती मिनिटं लागली तो आकडा लक्षात ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना तेवढाच सांगा. बाकी काही सांगायला लागणार नाही.